खांडीपुऱ्याचं पाणी

खोट्या भांडणात मध्यस्थी करण्यात निरुपमा मोहितेचा हात धरणारं त्या वर्गात कोणी नव्हतं. बडोद्याच्या त्या संस्थेत पाण्याचे तंटे कसे सोडवायचे ते शिकवत, आणि शिकवण्याची पद्धत अशी, की वर्गातच दोन पक्ष करून त्यांना भांडायला लावायचं. कोणी कालव्याच्या टोकाचा शेतकरी व्हायचं, कोणी कारखान्याचा मॅनेजर, आणि एकाने समेट घडवायचा. निरुपमा पाणीपुरवठा खात्यात केमिस्ट. खात्याने तिला पाठवलं ते केवळ कोणीतरी पाठवायचं म्हणून. पण तिची पाळी आली की ती दोन्हीकडच्यांना असं बोलतं करायची, की शिकवणारे उदयसिंहराव घाटगे खुर्ची मागे सरकवून नुसते ऐकत राहायचे. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस, कौतुकाच्या बाबतीत हात आखडता.

"मोहितेबाई, वर्गातला शेतकरी भांडून झालं की चहा प्यायला जातो," ते एकदा म्हणाले. "गावातला घरी जातो. आणि घरात प्यायला तेच पाणी असतं."

दोन हजार तीन सालचा उन्हाळा होता. प्रशिक्षणाच्या शेवटी गट पाडून सगळ्यांना गावांत पाठवलं. निरुपमाच्या गटाच्या वाट्याला सावली नावाच्या तालुक्याच्या गावाजवळचं खांडीपुरा आलं. गावात दोन फळिया, म्हणजे दोन वस्त्या. वरच्या फळियात जमीनवाले, खालच्या फळियात त्यांच्याच शेतांवर मजुरीला जाणारे. खालच्या वस्तीचा हातपंप मचूळ, त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. म्हणून वरच्या फळियातले जसुभाई आपल्या शेतातल्या बोअरवर खालच्या बायकांना पाणी भरू द्यायचे. वरच्यांचं भरून झालं की मग यांची पाळी. उन्हात ताटकळावं लागायचं, पण पाणी गोड होतं. आपण गावाला पाणी पाजतो याचा जसुभाईंना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

बोअरच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला, धातूवर मुलामा चढवण्याचा एक लहानसा कारखाना आला होता. त्याचं सांडपाणी मागच्या एका खड्ड्यात सोडत.

निरुपमाने दोन्हीकडचे नमुने घेतले. हातपंपाचं पाणी खारट निघालं, त्यापलीकडे काही नाही. बोअरच्या पाण्यात तिने मुलाम्याच्या कामातलं विषारी क्रोमियम तपासायचं रसायन टाकलं, आणि काचनळीतलं नितळ पाणी बघता बघता जांभळं झालं. तिने नळी धुऊन दुसरा नमुना घेतला. तोही जांभळा. ज्या पाण्यावर सगळं गाव जगत होतं, तेच नासलेलं होतं.

अशा वेळी काय करायचं ते वर्गात पढवलेलं होतं. निकाल एका बाजूला सांगायचा नाही. नमुना साक्षीदारांसमोर सीलबंद करायचा, प्रयोगशाळेतून पक्का करून घ्यायचा, आणि मग सगळ्यांना एकत्र बसवून एकदम सांगायचा. तिने सावलीला जाऊन एसटीडी बूथवरून उदयसिंहरावांना फोन लावला.

"शनिवारी प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांना घेऊन येतो," ते म्हणाले. "त्या खड्ड्यातलं पाणी त्यांच्या हातांनी भरलं गेलं पाहिजे. तोवर अवाक्षर काढू नका."

"पण सर, लोक तोवर हेच पिणार."

"कारखाना आल्यापासून पीतच आहेत. आणखी दोन दिवसांनी फारसं काही बिघडणार नाही. आज बोभाटा झाला तर उद्या तो खड्डा बुजलेला असेल, बाई."

तिला ते पटलं. पटलं म्हणूनच ती परत येऊन मुकाट्याने बोअरजवळची आपली बाटल्यांची पेटी आवरू लागली.

खालच्या बायकांचं पाणी भरणं चाललं होतं. रेवाबेन नावाची एक वयस्क बाई आपल्या पोटुशी सुनेला घेऊन आली होती. सुनेने नळाखाली लोटी धरली.

"बेन, पाणी सारुं छे ने?" रेवाबेनने सहज विचारलं. चांगलं आहे ना?

'रिपोर्ट आल्यावर सांगू' हे वाक्य निरुपमाच्या ओठांवर होतं. सुनेने लोटी तोंडाशी नेली.

"पिऊ नको," निरुपमा म्हणाली.

सूनही थांबली आणि आजूबाजूच्या बायकाही. मग ती समजावत बसली, हे अजून पक्कं नाही, दोन दिवस थांबा, कोणाला सांगू नका. पण बायका रिकाम्या घागरी घेऊन उतारावरून निघाल्यासुद्धा होत्या.

दिवस मावळायच्या आत खालचं फळिया वर चढून आलं. आपल्याला जाणूनबुजून विष पाजलं, असं ते धरून चालले होते. जसुभाई ओरडून सांगत होते, "अरे, माझा नातू हेच पाणी पितो! मला ठाऊक असतं तर त्याला पाजलं असतं का?" ऐकायला कोणी तयार नव्हतं. कोणीतरी मोटरचा स्टार्टर फोडला. ढकलाढकलीत जसुभाई हौदाच्या कडेवर पडले आणि त्यांचा हात मोडला. निरुपमा मध्ये पडली, दोन्ही बाजूंना हात जोडत राहिली. वर्गात शिकलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही.

सकाळपर्यंत वरच्या फळियाने ठरवलं, की खालच्या वस्तीतल्या कोणाला शेतावर कामाला घ्यायचं नाही. आणि कारखान्याच्या मागे जिथे खड्डा होता तिथे लालसर माती पसरून, दाबून, वर पाणी शिंपडलेलं होतं.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी त्या रात्री तिने पान तसंच ठेवलं. तिचे वडील भास्करराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती पोर पाणी प्याली का?"

"नाही बाबा."

"मग जेव."

"त्या माणसाचा हात मोडला, बाबा. लोकांची कामं गेली. पुरावाही गेला."

त्यांनी तिच्या पानातली आमटी परत गरम करून आणली.

शनिवारी अधिकारी आले. बोअरचं पाणी दूषित असल्याचं पक्कं झालं, बोअरला सील लागलं. पण ते कोणामुळे, हे सिद्ध करायला काही उरलं नव्हतं. कारखान्याचा माणूस खड्ड्याच्या जागी घातलेली कोरी करकरीत फरशी दाखवत हिंडला. परतताना जीपमध्ये उदयसिंहराव शेजारी होते. निरुपमा म्हणाली, "सर, माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मी फोन झाल्यावर बोअरवर परत गेलोच नसतो," ते म्हणाले. "आम्ही सगळे तसंच करत आलो. त्यामुळे पाणी चांगलं आहे का, असं आम्हाला कधी कोणी विचारलं नाही." मग म्हणाले, "हे तुम्हाला शाबासकी म्हणून सांगत नाहीये. तो खड्डा हातचा गेला, तो गेलाच."

प्रशिक्षण संपलं. गावाला टँकर मंजूर झाला, पण तो कुठे उभा करायचा यावर पुन्हा जुंपली. निरुपमाने रजा टाकली आणि एकटीच खांडीपुऱ्याला गेली. खालच्या फळियात तिला खाटलं टाकून बसवलं, चहा दिला, तो तिला कडू लागला. वर जसुभाईंनी बस म्हटलं नाही. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून ते ओटीवर बसले होते.

"मी गावाला पाणी पाजलं," ते म्हणाले. "तू मला गावाचा वैरी केलंस."

"पाणी वाईट होतं हे खरं आहे, काका. पण ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तिथे मी चुकले."

जसुभाई आवाज खाली आणून म्हणाले, "नातवाला काय होईल?"

"मला माहीत नाही. बडोद्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी बरोबर येते. खालची रेवाबेनची सूनही यायची आहे."

"माझ्या जीपमध्ये ती बसायची नाही."

"विचारून बघते."

ती खाली गेली. रेवाबेन म्हणाली, आधी आमच्या माणसांना कामावर घ्या म्हणावं. ती वर गेली. जसुभाई म्हणाले, आधी हात मोडणारा कोण ते सांगा. अशा तिच्या वाऱ्या संध्याकाळपर्यंत चालल्या. काम आणि हात, दोन्ही तसेच राहिले. ठरलं ते एवढंच, की टँकर शाळेच्या पटांगणात उभा राहील, आणि जीप जाईल.

जीप गेली. मागच्या बाकावर जसुभाईंची सून मुलाला मांडीवर घेऊन, समोर रेवाबेनची सून. वाघोडिया रोडवरच्या दवाखान्यापर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. डॉक्टरांनी दोघींची रक्तलघवी तपासायला घेतली, मुलाचीही, आणि सांगितलं की आज काही सांगता येणार नाही, दर दोन-तीन महिन्यांनी येत राहा.

"म्हणजे पुन्हा यायचं?" जसुभाईंच्या सुनेने निरुपमाला विचारलं.

"हो. पुष्कळदा."

ती काही वेळ मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग रेवाबेनच्या सुनेकडे न वळताच म्हणाली, "पुढच्या वेळी सकाळी लवकर निघू. तुला ऊन सोसायचं नाही."

दुसरीने मान डोलावली. कारखाना त्या दिवशीही चालूच होता.