छपराची मागची बाजू

शेवाळ्याचा गड्डा कौलावरून सुटला, उतारावरून घसरला आणि अंगणात बाबांच्या खुर्चीपुढे आपटला.

"वरून खाली ओढ," बाबा म्हणाले. "खालून थापी घातलीस तर कौल उचकटतं. दादाचा हात बघायला हवा होतास."

"बाबा, खुर्चीवरून शेळ्या हाकू नका."

ती वरूनच खाली ओढत होती.

दादा दरवर्षी एक दिवस यायचा, छप्पर साफ करायचा आणि जेवून जायचा. छपरावर चढणं मुलीचं काम नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. यंदा दादाची कंबर धरली आणि ते एकाएकी मुलीचं काम झालं.

समोरच्या उतारावर शेवाळ्याचा पातळ थर होता. तो लवकर निघाला. तिनं माथ्याला अडकवलेली शिडी पलीकडे टाकली, कमरेची दोरी तपासली आणि मागच्या उतारावर उतरली.

तिथे कौलं दिसतच नव्हती. हाताच्या पंजाएवढं जाड शेवाळं, स्पंजासारखं पाण्यानं भरलेलं. कौलांमधल्या फटींत ते आतवर शिरलं होतं आणि त्याच्यामागून पाणी. ही एका वर्षाची वाढ नव्हती. पाच वर्षांचीही नव्हती.

याच्याच खाली तिची खोली होती. पलंगाजवळची भिंत दरवर्षी काळी पडायची. ओले कपडे खोलीत वाळत घालतेस, दुसरं काय होणार, असं बाबा म्हणायचे. तिनं खोलीत कपडे वाळत घालणं बंद केलं. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवून झोपली. भिंत काळी ती काळीच.

ती माथ्यापर्यंत चढली.

"दादानं मागची बाजू कधीच काढलेली नाही."

बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बाबा."

"ठाऊक आहे. तो साफ करून गेल्यावर मागच्या पन्हळीत कधी शेवाळ्याचा तुकडाही पडलेला नसायचा."

"आणि तुम्ही मला कपड्यांवरून बोलत होतात."

"तो वर्षातून एकदा येणार. त्याला बोललो असतो, तर तेवढंही येणं बंद झालं असतं."

"मला बोलायला सोपं होतं. मी कुठे जाणार होते?"

ती मागे फिरली. थापी आपटावी असं हाताला फार वाटत होतं. पण आपटली असती, तर कौल फुटलं असतं. तिनं दात आवळून एकेक फट हळूहळू मोकळी केली.

आता तांब्याची पट्टी राहिली होती. माथ्याखालच्या लाकडाला ती ठोकली, की पावसाचं पाणी तिच्यावरून वाहताना तांब्याचा किंचित अंश घेऊन उतरतं, आणि त्या पाण्यात शेवाळं धरत नाही. तिनं आणलेली पट्टी एकाच उताराला पुरणार होती.

"पट्टी समोर लाव हं," बाबांनी आठवण करून दिली. "रस्त्यावरून दिसते ती बाजू."

तिनं गुंडाळी काखेत मारली आणि माथा ओलांडला. आता ती त्यांना दिसत नव्हती. पहिला खिळा ठोकला.

"अगं, समोर म्हटलं मी."

तिनं दुसरा ठोकला. मग तिसरा.

बऱ्याच वेळानं खालून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थांबला. काठी टेकली. पुन्हा खुर्ची. आवाज घराच्या कोपऱ्याला वळसा घालून मागे आला आणि तिच्या खोलीच्या खिडकीपाशी थांबला. तिनं खाली पाहिलं नाही.

"डावीकडे तिरपी जातेय," बाबा म्हणाले.

पट्टी खरंच तिरपी जात होती. तिनं शेवटचा खिळा उपटला, पट्टी सरळ केली आणि उत्तर न देता पुन्हा ठोकू लागली.