अर्ध्या सुराने चढे

लौकुपेनै गावचा वाद्यमेळ अर्ध्या सुराने चढा वाजतो, ही गोष्ट सरकारदरबारी तीनदा नोंदवलेली आहे. दर पाच वर्षांनी राजधानीतून परीक्षक येतात, सूर मोजायचं यंत्र टेबलावर ठेवतात, यंत्रावर लाल दिवा लागतो आणि ते चहा पिऊन परत जातात. आमच्याकडे इतक्या नियमितपणे दुसरं काहीच येत नाही. बससुद्धा नाही.

मी इथल्या संस्कृतिभवनाची संचालक. संगीताच्या कॉलेजात पाच वर्षं काढली आहेत, त्यामुळे लाल दिवा लागला की मला लाज वाटते. न शिकलेल्यांना वाटत नाही.

मेळात सोळा माणसं. त्यातली बारा स्कुदुचै वाजवतात, म्हणजे खालून बंद असलेल्या, बोटभर ते वीतभर लांबीच्या लाकडी नळ्या. माणशी नळ्या दोन, म्हणजे जन्मभरासाठी सूर दोन. आपला सूर आला की फुंकायचं, नाही आला की गप्प राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपली पाळी नसताना गप्प राहू शकणारी बारा माणसं एका गावात मिळवून दाखवा. उरलेले चौघे कर्णे फुंकतात. हे कर्णे माणसाच्या उंचीचे असतात. ॲश झाडाचं खोड उभं चिरून, कोरून, परत जोडून वर भूर्जाची साल गुंडाळलेली.

ही सगळी वाद्यं फेलिक्सासकाकांच्या हातची. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. मापासाठी त्यांच्याकडे आजोबांची एक काठी आहे, आणि तिच्यावर खाचा आहेत. आजोबा म्हणजे आमच्या चर्चच्या ऑर्गनचा भाता चाळीस वर्षं तुडवणारा माणूस.

"काका, खाचेच्या जरा पुढे कापा की. नळी लांब झाली की सूर उतरेल," असं मी दर हिवाळ्यात म्हणायचे.

"आजोबांनी खाच इथे केलीय."

"आजोबा चुकले असतील."

"आजोबा पुष्कळ चुकायचे, बाई. जमीन चुकीच्या माणसाला विकली, बायको चुकीच्या गावची केली. खाचा बरोबर आहेत."

जिल्ह्याच्या जत्रेत शेवटी सगळ्या गावांचे मेळ एकत्र वाजवतात, आणि मधोमध लिओनार्दास ॲकॉर्डियन घेऊन बसतो. आम्ही सुरू झालो की पुढच्या रांगेतली माणसं दात दुखल्यासारखा गालाला हात लावतात. एका वर्षी लिओनार्दासने माइकवरून जाहीर केलं, "लौकुपेनैकरांनी जरा खाली बसून घ्यावं." त्या दिवसापासून काका त्याच्याशी बोललेले नाहीत. याला चौदा वर्षं झाली. लिओनार्दास हा काकांचा व्याही आहे.

यंदा मात्र नुसत्या लाजेवर भागणार नव्हतं. नवा नियम आला होता. ज्या मेळाला परीक्षेत श्रेणी मिळणार नाही, त्याला पुढच्या गीतमहोत्सवात जागा नाही. आणि महोत्सवात जागा नाही, तर संस्कृतिभवनात तालमीची खोलीही नाही. तिच्यावर पोट कमी करण्याच्या वर्गाचा डोळा होता. मी कॅटलॉगमधून प्लास्टिकच्या नळ्या मागवल्या. हिरव्या दिव्याची हमी होती.

मग काकांशी करार केला. शेवटची एक परीक्षा जुन्या नळ्यांवर. लाल दिवा लागला तर प्लास्टिक, आणि काठी बिर्झायच्या म्युझियमला.

"म्युझियम म्हणजे तिकीट लावलेलं थडगं," काका म्हणाले. पण त्यांनी हात मिळवला. नंतर घरी जाऊन दोन तास लाकडं फोडली. भर जूनच्या उन्हाळ्यात.

मागच्या वेळी समितीने आणखी एक शेरा मारला होता: 'तेच तेच वाजवतात.' म्हणून मी कॉलेजच्या वह्या धुंडाळल्या आणि चारशे वर्षांपूर्वीची एक कान्झोना, म्हणजे वाद्यांवर वाजवायची रचना, काढली. व्हेनिसची. चर्चच्या दोन टोकांना दोन टोळ्या उभ्या करायच्या. एकीने म्हणायचं, दुसरीने परत करायचं. प्रत्येकाच्या तोंडी एक घास, कोणाच्याच पानात पूर्ण जेवण नाही. मी सोळा जणांना आपापले सूर वाटून दिले आणि पहिल्या तालमीनंतर झुझानामावशीकडे बघितलं. मावशीकडे सगळ्यात खालच्या दोन नळ्या, चार गाई आणि गावातली सगळ्यात चांगली बिअर. मत तिचंच चालतं.

"हे तर आपलंच आहे गं," मावशी म्हणाली. "फक्त हा इटालियन भित्रा आहे. आपल्या गाण्यात दोन सूर एकमेकांना घासत जातात, मजा येते. याचे सूर घासायला लागले की हा लगेच माफी मागून बाजूला होतो."

"मावशी, त्याला संगीताचा विकास म्हणतात."

"असेल. माझी धाकटी सूनही तशीच आहे."

खालचा आधारसूर मी इलेक्ट्रिक पियानोवर धरायचे. पियानोला अर्धा सूर चढवायचं बटण होतं, ते दाबून ठेवायचे. ही लबाडी होती, पण सुरेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. रस्ता खणून ठेवला होता. आता, कर्णा वाजवायच्या आधी भिजवावा लागतो, हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. लाकूड फुगतं, फटी मिटतात. कोरडा कर्णा म्हणजे म्हाताऱ्याचं घोरणं. मी समितीला आणायला फाट्यावर गेले आणि जाताना मावशीला सांगितलं, "कशात तरी भिजवा."

परत आले तेव्हा चारही कर्णे भवनाच्या दारात लाकडी टबात उभे होते आणि टबाला फेस आला होता.

"मावशी, हे काय?"

"कशात तरी म्हणालीस ना? घरात हेच होतं. महोत्सवासाठी म्हणून केलेली. पहिली धार आहे, पाणी घातलेली नाही."

"बिअर?"

"फुगलेत बघ कसे! पाण्याने एवढे फुगत नाहीत. लाकडालाही कळतं."

माझ्यामागे समिती उभी होती. अध्यक्ष डॉ. एग्लान्टिना, जुन्या काळच्या कळफलकाच्या वाद्यांवर पुस्तक लिहिलेल्या. आणि मंत्रालयातले रेमिगियुस, ज्यांच्या काखेत फाइल होती. रेमिगियुस दारावरची पाटी वाचत होते. 'या इमारतीत मद्य कोणत्याही स्वरूपात आणण्यास सक्त मनाई आहे.' खाली सही माझी. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात खिडकी फुटली, तेव्हा मी रागाने लावली होती. 'कोणत्याही स्वरूपात' हे शब्द माझेच, आणि लिहिताना मला ते आवडलेही होते.

"कर्ण्याच्या आत शोषलेलं मद्य," रेमिगियुस विचार करून म्हणाले, "हे एक स्वरूप आहे."

"मग परीक्षा?"

"या इमारतीत नाही."

सोळा माणसं अंगणात उभी. कर्ण्यांतून थेंब थेंब बिअर गळत होती आणि कुत्री जमायला लागली होती. काकांनी नळ्यांची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून चर्चकडे चालायला लागले.

फादर व्हालेरिओनास दारातच भेटले. त्यांनी कर्णे हुंगले. "वाईन तर आम्ही रोजच आत नेतो," ते म्हणाले. "बिअरबद्दल कुठे काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. या."

नळ्यांवाले वेदीच्या पायऱ्यांवर उभे राहिले, कर्णेवाले दारावरच्या सज्ज्यात. मग माझ्या लक्षात आलं की पियानो भवनात राहिलाय. आणि आणूनही उपयोग नव्हता. चर्चमध्ये प्लग एकच, तिथे फादरांची केटली.

"आधी सूर बघू," डॉ. एग्लान्टिना म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र बाकावर ठेवलं. बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं.

काकांनी नळी ओठाला लावली. त्यांनी फुंकलं.

लाल.

"अर्धा सूर वर. अगदी बरोबर अर्धा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सातत्य मात्र राखलंय."

काकांनी टोपी काढली आणि कोटाच्या आतून काठी काढून माझ्यापुढे धरली. "घे, बाई. बोललो होतो ना."

माझा हात पुढे होईना. उगाच वेळ काढायला मी म्हणाले, "वाजवून तर होऊ दे. पण खालचा आधार कोण धरणार? पियानो तर तिकडे राहिला."

"वर ऑर्गन आहे की," झुझानामावशी म्हणाली.

"तो कोणी वाजवत नाही," फादर म्हणाले. "वर्षातून एकदा, उंदीर राहायला येऊ नयेत म्हणून. फार चढा आहे हो. भक्तांचे गळे फाटतात."

"किती चढा?" डॉ. एग्लान्टिनांनी विचारलं. आवाज बदलला होता. "कधीचा आहे?"

"तीनशे वर्षांचा तरी असेल. कोणी दुरुस्तच केला नाही. पैसेच नव्हते कधी."

बाई जिन्यावरून धावत गेल्या. पन्नाशीची डॉक्टरेट झालेली बाई दोन-दोन पायऱ्या चढताना मी त्या दिवशी पाहिली. "रेमिगियुस! भाता!" वरून हाक आली. रेमिगियुसनी फाइल कुठे ठेवावी याचा विचार केला, ती येशूच्या पुतळ्यापाशी ठेवली, आणि वर जाऊन मंत्रालयाच्या बुटांनी भाता तुडवायला लागले.

ऑर्गन आधी खोकला. मग एक सूर आला, जाड, लाकडी, धुळीतून उठलेला.

काकांनी कोणाला विचारलं नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नळी. त्यांनी तोच सूर फुंकला.

वरचा सूर कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो, ते कळेना. दोन घरांमधलं कुंपण पडावं तसं झालं. मी बाकावर बघितलं. यंत्र लाल होतं. काकांनी नळी खाली घेतली. ऑर्गन एकटाच वाजत राहिला, तरीही लाल.

"काठी वर आणा!" बाई ओरडल्या.

ऑर्गनच्या पोटात एक लहानसं दार आहे. आत बंद तोंडाच्या लाकडी नळ्यांची रांग. बाईंनी काठी एकेका नळीला लावली. पहिली खाच, पहिली नळी. दुसरी खाच, दुसरी नळी. दारातला खुंटही आजोबांनी काठी टांगायलाच ठोकला असावा, कारण काठीच्या टोकाच्या भोकात तो बरोबर बसला.

"आजोबा भाता तुडवायचे, आणि रिकाम्या वेळात या नळ्या मोजायचे," काका म्हणाले.

"हा जुन्या काळचा चर्चचा सूर आहे," बाई म्हणाल्या. "तुमची कान्झोना लिहिली गेली तेव्हा व्हेनिसमध्येही जवळजवळ एवढाच चढा सूर धरत. आम्ही राजधानीत परदेशातून खास वाद्यं मागवतो, या सुरासाठी. आणि तुम्हाला आम्ही तीन वेळा..." त्यांनी यंत्र मागवून घेतलं, बंद केलं आणि पर्समध्ये टाकलं.

मी अकरा वर्षं दर रविवारी त्या ऑर्गनच्या खाली बसते. शिकलेली बाई आहे मी; म्हणूनच सुचलं नाही.

"आधार मी धरते," बाई म्हणाल्या. "सुरू करा."

मी मधल्या वाटेत उभी राहिले आणि हात उचलला.

पायऱ्यांवरून नळ्या बोलल्या, टप् टप् टप्, बारा माणसांनी मिळून एक वाक्य. सज्ज्यातून कर्ण्यांनी ते उचललं आणि मोठं करून परत फेकलं. पिठाच्या पोत्यासारखं हातोहात. भिंती दगडी, छत उंच, प्रत्येक सूर जाऊन परत येईपर्यंत पुढचा निघालेला. भवनात आमचं वाजवणं बुटक्या खोलीत उभं राहिल्यासारखं असायचं. इथे त्याने पहिल्यांदाच पाठ सरळ केली. मावशीच्या दोन सुरांखाली ऑर्गनचा आधार आला तेव्हा ती इतकी खूश झाली की तिने शेजारणीच्या वाटणीचा सूरही फुंकून टाकला. एके ठिकाणी तर इटालियनाने माफी मागून बाजूला व्हायचं, तिथे आमचे लोक झालेच नाहीत. दोन सूर खांद्याला खांदा घासत उभे राहिले. मी दचकून वर बघितलं. डॉ. एग्लान्टिना हसत होत्या आणि त्यांनी तिसराही सूर त्यांच्यात ढकलला. भात्यावर रेमिगियुसनी कोट काढला होता.

शेवटचा सूर संपला, पण छताला ते कळायला थोडा वेळ लागला. दारात शेजारची माणसं, रस्ता खणणारे आणि तीन कुत्री. टाळ्या रस्ता खणणाऱ्यांनी सुरू केल्या.

श्रेणी पहिली मिळाली. फॉर्मवर 'सूर' या रकान्यात बाईंनी 'बरोबर' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. रेमिगियुस सहीपूर्वी एवढंच म्हणाले, की उरलेलं मद्य इमारतीबाहेर असल्याने त्याबद्दल मंत्रालयाला काही म्हणायचं नाही. मग ते टबापाशी जाऊन पेला भरून घेऊन बसले. प्लास्टिकच्या नळ्या पोट कमी करण्याच्या वर्गाला देऊन टाकल्या. श्वासाच्या व्यायामाला चालतात म्हणे.

संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर ब्रेड, चीज आणि बिअर घेऊन सगळे बसले होते. काठी काकांच्या मांडीवर होती. मग त्यांनी माझा फोन मागितला.

"कोणाला लावायचाय, काका?"

"व्याह्याला." त्यांनी मिशीवरचा फेस पुसला. "चौदा वर्षं झाली. त्याला सांगायचंय, तुझा ॲकॉर्डियन अर्धा सूर उतरलाय. जत्रेच्या आधी बघून घे, नाहीतर जरा खाली बसून घे."