दारापर्यंत

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन होतं आणि त्या मशीनपाशी उभी राहून ती दिवसभर लोकांच्या नंबराच्या काचा फ्रेमच्या मापाला आणायची. हात इतका बसलेला की गप्पा मारतामारता काच चपखल बसवायची. "दुनियेला लांबचं दाखवतेस आणि घरातलं तुलाच दिसत नाही," असं नणंद एकदा हसतहसत म्हणाली होती. नणंद हसली आणि विसरली. हिच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

घरातलं म्हणजे लेक. एकुलती एक, सातवीतली. चांगली हसतीखेळती पोर एका सोमवारी शाळेला जाताना दारात थांबली, ती थांबलीच. रोज सकाळी गणवेश घालायची, केस बांधायची, बूट चढवायची आणि दाराशी आली की पोटात कळ यायची. खोटी नव्हे, घाम फुटायचा. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घरी लाड जरा जास्तच होतायत." नवरा गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर. त्याने आधी दरडावलं, मग विनवलं, मग तोंड मिटून घेतलं. सकाळी तो घरातून असा निघायचा, जणू या घरात चहापलीकडे त्याचं काही नाही.

अशाच एका सकाळी लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली असताना तिने फोनवर शोधलं आणि तिला तो ग्रुप सापडला. नाव होतं 'दारापर्यंत'. सगळे तिच्यासारखेच, शाळेत न जाणाऱ्या मुलांचे आईबाप. खरी नावं लावायची नाहीत हा तिथला नियम. ग्रुप सांभाळणारी होती सुईणबाई, धंद्याने खरोखरच सुईण, त्यामुळे कळा या विषयावर तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. ही झाली चष्मेवाली. आणि दुसऱ्याच दिवशी हिने "आज माझी मुलगी दारापर्यंत आली" असं घाबरतघाबरत लिहिलं, तर हिला शंभर जणांनी असं डोक्यावर घेतलं की जणू पोरगी बोर्डात पहिली आली. ती मशीनपाशी उभी राहून रडली. मालकाला वाटलं, काचेची पूड डोळ्यांत गेली.

त्यातला एक बसवाला. शहरात बस चालवायचा, बायको वारलेली, मुलगा दोन वर्षं घरात बसून मग कसाबसा बाहेर पडलेला. तो उपदेशाच्या भानगडीत पडत नसे. दुपारी डेपोत डबा उघडला की हिला वेगळा निरोप टाकायचा, "ताई, जेवलात का?" एवढंच. ती नाही म्हणाली की लिहायचा, "मग मीपण नाही जेवत. आता पन्नास माणसं उपाशी ड्रायव्हरच्या हवाली. बघा बुवा." ती डबा उघडायची. नवऱ्याला याची गंमत वाटत नसे. "तुझं त्या फोनशीच लग्न लागलंय," म्हणायचा. तिला वाटायचं, निदान तो फोन उलट बोलतो तरी.

कितीतरी दिवसांनी, सुट्टीच्या एका दुपारी उशीचे अभ्रे बदलताना लेकीने आपण होऊन तोंड उघडलं. आईकडे न बघता, अभ्र्याची गाठ सोडवतसोडवत.

सहामाही परीक्षेत गणिताच्या पेपरला तिला काही सुचेना. भीतीने अंग थरथरायला लागलं. बाहेर जाऊ का विचारायचंही धाडस झालं नाही आणि बाकावरच लघवी झाली. मग तिने पाण्याची बाटली उघडली आणि सरळ मांडीवर ओतली. "बाई, पाणी सांडलं," म्हणाली. सगळे हसले. वेंधळी म्हणाले. कुणालाही कळलं नाही. पण तेव्हापासून वर्गात बसायचं म्हटलं की तिला वाटायचं, आता पुन्हा होणार.

"आई, बाबांनापण नाही सांगायचं हं. कुणालाच नाही."

"वेडी का गं तू? मी कुणाला सांगणार?" म्हणून तिने लेकीला पोटाशी धरलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुकानात, सकाळी गिऱ्हाईक नसताना, तिने ते ग्रुपवर लिहिलं. बाटलीसकट सगळं. तिला ते सांगणं वाटलंच नाही. डॉक्टरला दुखणं सांगतो तसं वाटलं. नाव नाही, गाव नाही, कोण ओळखणार? आणि उत्तरं तरी किती मोलाची आली! सुईणबाईने विचारलं, शाळेत एखाद्या मायाळू बाई आहेत का, आणि त्यांना काय सांगायचं, काय नाही, तेही शिकवलं. दुसऱ्या एकीने लिहिलं, बाकाची जागा दाराजवळ मागून घ्या, न विचारता बाहेर जायची मुभा मागा. तिने तसंच केलं. कारण न सांगता मागून घेतलं. हळूहळू लेक शाळेच्या फाटकापर्यंत जायला लागली, मग वाचनालयात तासभर बसायला लागली, मग चित्रकलेच्या तासाला. घरात जेवताना बोलणं परत आलं. नवरा एकदा गोदामातून येताना भलंमोठं कलिंगड खांद्यावर घेऊन आला आणि ते कापताना तिघंही उगाचच हसले.

मग दुकानाच्या सुट्टीच्या एका दुपारी लेक शाळा सुटायच्या आधीच घरी आली. दप्तर नव्हतं. चेहरा पांढराफटक.

वर्गात तिच्या बाकावर कुणीतरी पाण्याने भरलेली बाटली ठेवली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "असू दे जवळ. परत झाली तर ओतायला." आणि अख्खी रांग खिदळली.

"आई, त्यांना कसं कळलं?"

ग्रुपवर तिने बाटलीसकट लिहिलं होतं. तिला सगळं कळलं. आणि तोंडातून निघालं, "मला काय माहीत बाळा? बाईंना संशय आला असेल. किंवा तूच कधी कुणा मैत्रिणीला बोलली असशील."

लेक म्हणाली, "नाही गं. मी नाही बोलले." पण आवाजात खात्री नव्हती. आठवायचा प्रयत्न करत ती खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

ग्रुपवर तिने आग ओकली. तुमच्यातल्या कुणीतरी माझ्या पोरीला विकलं, असं लिहिलं. झालं, मग जो तो दुसऱ्यावर संशय घ्यायला लागला. जुन्या मैत्रिणी एकमेकींना टोचून बोलल्या. सुईणबाईने शेवटी ग्रुपला कुलूप घातलं, नवीन काही लिहिता येईना. इतक्यात फोन वाजला. बसवाला. आजवर त्यांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. आवाज अपेक्षेपेक्षा म्हातारा होता.

"ताई, चोर नंतर शोधू. पोरीला सांगितलंत का, की तुम्ही लिहिलं होतं?"

तिने लेकीच्या बंद दाराकडे बघितलं.

"नाही ना? मग ती आता काय करत असेल सांगू? आपण कुठं, कधी, कुणाला बोललो, ते आठवत बसली असेल. स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत असेल. बाकीच्यांनी केलं ते केलं. हे मात्र तुम्ही करताय."

"दादा, ती माझं तोंड नाही बघणार परत."

"नाही बघणार काही दिवस. माझ्या पोराने माझ्याशी पाच महिने अबोला धरला होता. पण वेड लागण्यापेक्षा अबोला परवडला. ठेवतो, माझी गाडी लागलीय."

तिने कडी वाजवली. दारातूनच सांगितलं, एका दमात, सबब न देता. मग कडी निघाली आणि लेकीचा हात बाहेर आला.

"फोन दे. मला वाचायचंय. सगळं."

लेक जमिनीवर बसून वाचत राहिली. ती समोर बसून वाळलेले कपडे घडी करत होती, घडी मोडत होती, पुन्हा करत होती. नवरा कामावरून आला, दोघींकडे बघून काही न विचारता आत जाऊन त्याने कुकर लावला. वाचतावाचता लेकीच्या गालावरून पाणी ओघळलं, पण तिने फोन खाली ठेवला नाही. वाचून झाल्यावर म्हणाली,

"यातली मुलगी नुसती रडते आणि पोट धरते. मी तेव्हा शिट्टी वाजवायला शिकले होते. तुला वाजवून दाखवली होती. ते कुठेय?"

खरंच तिने नव्हतं लिहिलं. ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

"पुसून टाक," लेक म्हणाली. "नको, मीच पुसते." आणि एकेक मजकूर तिने स्वतःच्या बोटाने पुसला. मधेच थांबली. "हा बसवाला कोण? हा माझ्याबद्दल काही विचारतच नाही."

"नाही विचारत."

"याला राहू दे. बाकी ग्रुप सोड."

तिने सोडला. सुईणबाईला एक ओळ लिहिली, बस्स. ज्या बायकांना तिच्या दारातल्या पायपुसण्याचा रंगसुद्धा माहीत होता, त्यांना तिने निरोपही दिला नाही. नंतर कितीतरी सकाळी तिचा अंगठा फोनवर त्या जागी जायचा आणि तिथे काही नसायचं. माहेर तुटावं तसं तिला वाटायचं, आणि असं वाटतं याची लाजही वाटायची.

त्या शाळेत लेक परत गेली नाही. नवऱ्याने पहिल्यांदाच रजा काढली, स्वतः मुख्याध्यापिकांसमोर बसला आणि दाखला घेऊनच उठला. पलीकडच्या भागात एक लहान शाळा होती. तिथे लेक जायला लागली. आठवड्यातून कधी तीन दिवस, कधी चार. एखादा आठवडा एकही नाही. आईशी बोलायची ती जेवणाचं, कपड्यांचं, चावी कुठेय एवढंच. मनातलं काही नाही. तीही विचारत नसे.

एका दुपारी दुकानात एक बाई आली. हातात फ्रेम, काडी तुटलेली. ती तुटली होती की मुद्दाम मोडली होती, देव जाणे. मालक जेवायला गेलेला. बाईने फ्रेम काउंटरवर ठेवली आणि हात मात्र फ्रेमवरच राहू दिला.

"तुम्ही चष्मेवाली ना? तुमच्या मुलीने शाळा सोडल्याचं कळलं, बाटलीचं कळलं, तिची आई चष्म्याच्या दुकानात असते हेही कळलं, मग अंदाज आला. मी... मी निळी छत्री."

ग्रुपवर निळ्या छत्रीचं चित्र लावलेली एक बाई होती. फारशी लिहीत नसे. सगळ्यांचं वाचून फक्त हात जोडायची.

"धाकट्यासाठी आले होते मी ग्रुपवर. दुसरीत आहे, जातच नाही शाळेत. थोरली तुमच्या मुलीच्या वर्गात. मी तुमचं वाचलं आणि फोनवर माझ्या बहिणीला सांगितलं, बघ गं, लेकरांवर काय काय वेळ येते. थोरली मागे होती, तिने ऐकलं. तिला तो पेपर आठवत होता." बाई रडायला लागली. "मी तिला मारलं हो. आयुष्यात पहिल्यांदा मारलं."

या बाईला काय काय बोलायचं ते तिने मशीनपाशी उभं राहून किती वेळा मनात घोळवलं होतं. तिने फ्रेम उचलली, स्क्रू बघितला.

"काडी बदलावी लागेल. बुधवारी या," म्हणाली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी तिने ते लेकीला सांगितलं. पूर्वी सांगितलं नसतं, आधी दहा जणांना विचारलं असतं. लेक काकडी चिरत होती. चिरता चिरता थांबली.

"ती बाई रडली?"

"हो."

"तिचा तो लहान मुलगा, त्याचं काय होतं?"

"जात नाही शाळेत. एवढंच म्हणाली."

लेकीने पुन्हा सुरी चालवली. "तिच्याशी बोल हवं तर. पण माझं काही नाही बोलायचं. आणि तिच्या मुलीला मी माफबिफ केलेलं नाही."

"नको करूस," ती म्हणाली.

बुधवारी बाई आली ती दारातच उभी राहिली, आत यावं की नाही अशी. तिने फ्रेम पुसून दिली. बाईने घातली. डाव्या कानाशी सैल होती, म्हणून तिने काउंटरच्या बाहेर येऊन काडी जरा गरम करून वाकवली आणि पुन्हा कानामागे बसवली. इतक्या जवळून तिला दिसलं, बाईच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं होती. आरशात तिला स्वतःची दिसायची तशीच. राग होता, तो गेला नव्हता. तो तिथेच होता, काडीला चिमटा लावताना बोटांत जाणवत होता.

"टोचतंय का?"

"नाही."

"मुलगा गेला का आज?"

बाईने नकारार्थी मान हलवली. "पलंगाखाली जाऊन बसलाय. सासूबाई काठीने ढोसतायत त्याला बाहेर काढायला. मी इकडे पळून आले. मला ते बघवेना."

तिने घड्याळाकडे नजर टाकली, मालक यायला वेळ होता. मागच्या खोलीतलं तिचं स्वतःचं स्टूल उचलून तिने काउंटरपाशी आणून ठेवलं.

"सासूबाईंना फोन लावा आधी," ती म्हणाली. "म्हणावं, काठी ठेवा खाली. मग बसा आणि त्याचं सांगा मला. तो काय करतो दिवसभर? नुसता रडत नसेल ना?"