हिरव्या तारेचा पीळ

लोण्याच्या भांड्याला खेटून ते काळं बोंडूक पडलं होतं — अंगठ्याएवढं, तेलकट, आणि खाली नुकतंच धुतलेलं टेबलाचं कापड. हार्टमुटचं हे असंच. गावभरच्या गाड्या दुरुस्त करील, पण गाडीतली घाण जेवायच्या टेबलावर मांडू नये, एवढं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही. हेडविगनं ते फडक्यात उचललं.

"कॅमशाफ्टचा सेन्सर आहे तो, आई. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा फिरत कुठवर आलाय, ते कॉम्प्युटरला सांगतो. तपासायचं यंत्र लावलं तर ह्याच्याच नावानं बोंब. नवा घातला, तरी गाडी चढावर बंद पडतेच. म्हणजे आता…"

"म्हणजे आता माझा क्लचवरचा पाय बिघडलाय. म्हण की!"

तो पाव कापत राहिला. तिच्या गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. गाडी विकत न्यायला माणूस आजच येणार — मग स्मशानात जायचं, बाजारात जायचं, बहिणीकडे जायचं, सगळं सुनेच्या सवडीनं, मागच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन…

नवा घातला तरी तेच. मग हा जुना बिचारा खोटं कुठं बोलत होता? तिनं ते बोंडूक उलटंसुलटं केलं. सांगणारा बदलला, बोंब तीच — म्हणजे निरोप वाटेत अडतोय. आणि अडतो तो परततानाच. खाली दरीत, नवऱ्याच्या, ऑयगेनच्या थडग्यापर्यंत गाडी कशी कोकरासारखी जाते. येताना शेवटच्या वळणावर आचके. जाताना पाय माझा आणि येताना शेजारणीचा, असं आहे की काय? थोडं थांबलं की पुन्हा सुरू. तापलं की बिनसतं, निवलं की शहाणं… नवऱ्यासारखंच. तिला हसू आलं. काय असेल बाई आत?

"चल अंगणात. इंजिन तापू दे."

"आई, मी सगळं पाहिलंय."

"तुझ्या यंत्रानं पाहिलंय. तू ये."

बोनेट उघडं, इंजिन सुरू, हातात लाकडी चमचा. गाडीखाली कोंबड्यांची जाळी, प्रत्येक घरी असते तशीच — बोनेटखाली शिरून वायरी कुरतडणाऱ्या त्या मुंगसासारख्या जनावराला तिथं पाय ठेववू नये म्हणून. ऑयगेनचं जाळीवर कुठं भागणार! त्यानं वायरींना वरून नळीही चढवली होती. गरम वास यायला लागला तशी ती चमच्यानं एकेक वायर दाबत गेली… आणि इंजिन गुदमरलं. चमचा उचलला — सावरलं. पुन्हा दाबला. पुन्हा गुदमरलं. तिसऱ्यांदा तर उगीचच, नुसतं बघायला. लहानपणी गोगलगाईच्या शिंगांना बोट लावायची, तसं.

ती वाकली. नळी धुराच्या तापत्या पाइपाला चिकटून वितळली होती, आतली तांब्याची तार उघडी पडली होती. आणि नळी तिथं करकचून बांधलेली — बागेतल्या हिरव्या तारेनं, दोन पीळ, टोक आत मुडपलेलं. कुणाच्या हाताला ओरखडा नको म्हणून. घेवड्याचे वेल असेच बांधायचा तो…

तिनं वर पाहिलं. हार्टमुट इंजिनाकडे बघतच नव्हता. जमिनीकडे बघत होता.

सेन्सर बदलताना ह्याचा हात इथंच होता, त्या पिळापाशी. म्हणजे त्यानं पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं. का? ऑयगेनचा कोट अजून खुंटीवर आहे. त्याचा कप कुणी घेत नाही. कुणाच्या धाकानं? मेलेला माणूस तर कुणावर डोळे वटारत नाही… मग वटारतं कोण?

इंजिन घुरघुरत होतं. अंगणभर वितळल्या प्लास्टिकचा वास. ऑयगेन चुकला होता — हे वाक्य तिनं मनात उच्चारून पाहिलं. काहीच कोसळलं नाही. हे तर फारच नवल.

"हार्टमुट," ती म्हणाली, "बापाची चूक आईच्या पायात घातलीस. भित्रा आहेस तू, आणि तुला भित्रा मीच केलं. इंजिन बंद कर, किल्ली इकडे दे… आणि पक्कड आण. तार मी कापणार."