गुरुवारची वेल्डिंग

एप्रिलात कॉलेजचं उन्हाळी वर्गांचं पुस्तक टपालानं आलं, नेहमीसारखं डोरीनच्या नावावर. डोरीनला जाऊन पाच महिने झाले होते, पण कॉलेजला ते कुणी कळवलं नव्हतं. आर्विड लाहतीनं ते टेबलावर टाकलं. दोन दिवस ते तिथंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता त्यानं ते उघडलं.

चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून काढलेल्या या माणसाला आपल्या गावच्या कॉलेजात उन्हाळ्यात काय काय शिकवतात याचा पत्ताच नव्हता. होड्यांना वार्निश कसं लावायचं. तिथल्या आदिवासींची ओजिब्वे भाषा, पहिली पायरी. रक्त काढणं. करवतीनं झाड सुरक्षित कसं पाडायचं, हेसुद्धा. त्याला हसू आलं, कारण त्या शिकवणाऱ्याचं स्वतःचं झाड मागच्या वर्षी स्वतःच्याच गॅरेजवर पडलं होतं. मग एकोणिसाव्या पानावर त्याला सापडलं: वेल्डिंग, दुसरी पायरी, दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ.

डोरीन तिथं सलग सहा उन्हाळे गेली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम केलेली बाई, निवृत्त झाल्यावर वेल्डिंग शिकायला लागली. गुरुवारी ती घरी यायची तेव्हा केसांना धुराचा वास असायचा आणि शर्टाच्या बाहीवर बारीक भोकं. काय बनवतेस, असं आर्विडनं एकदा विचारलं होतं. अजून काही नाही, म्हणाली. त्यानं परत विचारलं नाही. बहुतेक आपल्यासाठीच काहीतरी चाललंय, फाटक वगैरे, आणि पूर्ण झालं की आणेल, अशी त्याची समजूत. सहा वर्षांत एक खिळाही घरी आला नाही.

म्हणजे ती वस्तू अजून तिथंच असणार. हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर आर्विडला दुसरं काही सुचेना. तिनं काय केलं ते त्याला बघायचं होतं.

तो कॉलेजात गेला. प्रवेशाच्या खिडकीवर ट्रिना बसते, ती गावातलीच मुलगी, सगळ्यांना नावानं ओळखते. तिनं डोरीनबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि खरंच तिचे डोळे भरले. पण वेल्डिंगचं वर्कशॉप उघडायला ती तयार होईना. किल्ली फक्त शिकवणाऱ्या बाईंकडे, जेनेल ओबर्गकडे, आणि जेनेल वर्षभर विस्कॉन्सिनात जहाजांच्या कारखान्यात काम करते, इथं येते ती फक्त उन्हाळी वर्गापुरती. शिवाय आत मांडणीवर पडलेल्या लोखंडावर कुणाची नावं नसतात. कुठलं कुणाचं ते जेनेललाच ठाऊक.

"मग ती येईल तेव्हा मी येतो," आर्विड म्हणाला.

"वर्ग झाला तर येईल ना. आठ जण लागतात. सहाच झालेत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आठ झाले नाहीत तर वर्ग रद्द."

आर्विडनं तिथल्या तिथं आपलं नाव घातलं. साठीच्या पुढच्यांना उन्हाळी वर्ग फुकट असतो, तो अर्ज ट्रिनानंच पुढे केला. राहिला एक. त्यासाठी तो सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर गेला, जिथं बर्ट ट्रेवार्थन रोज सकाळी पेस्टी, म्हणजे मटण-बटाट्याची मोठी करंजी, खात सगळ्या जगाला नावं ठेवत बसलेला असतो. बर्ट आणि तो पहिलीपासूनचे दोस्त. बर्टनं आधी स्वच्छ नकार दिला. त्याचे गुडघे गेलेत, त्याला आगीची भीती वाटते, आणि या वयात शाळेत जायला तो काही वेडा नाही. मग फुकट आहे असं ऐकल्यावर त्यानं पेस्टी खाली ठेवली.

"हे आधी सांगायचं ना, लेका."

असे आठ झाले. आर्विड दोन रात्री नीट झोपला.

शुक्रवारी सकाळी दहाला ट्रिनाचा फोन आला. तिनं यादी वर पाठवली होती आणि वरून परत आली होती. फुकटवाले त्या आठांत धरत नाहीत. जागा उरली तर त्यांना बसू देतात, इतकंच. त्यांच्या भरवशावर वर्ग चालवत नाहीत. हे तिला माहीत असायला हवं होतं, पण वेल्डिंगला कुणी फुकटचं आलंच नव्हतं आजवर, म्हणून लक्षात आलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी मागे असाच भरतकामाचा वर्ग वाचवायचा प्रयत्न केला होता, तेरा जणांनी नावं घातली होती, आणि वर्ग शून्य विद्यार्थी म्हणून बंद झाला.

आर्विडनं फोन ठेवला नाही. डोरीनही साठीच्या पुढची होती, तिचं कसं चाललं, असं त्यानं विचारलं.

ट्रिना म्हणाली, "ती दर वर्षी पूर्ण पैसे भरायची. मी दर वर्षी तिला सांगायची, डोरीन, तुला फुकट आहे. ती म्हणायची, मग मी मोजली जात नाही."

आर्विडला हे माहीत नव्हतं. त्यानं गाडी काढली. आधी दुकानात गेला आणि बर्टला टेबलावरून उठवलं. वाटेत सगळं सांगितलं, आणि दोघांनी पूर्ण पैसे भरायचे हेही. बर्टनं गाडीचं दार उघडून उतरायची धमकी दिली, गाडी चालू असताना. बायको सहा वर्षं काय करत होती हे नवऱ्यानं विचारलं नाही, आणि त्याचा दंड बर्टनं का भरायचा, असा त्याचा सवाल. प्रश्न रास्त होता. आर्विड गाडी चालवत राहिला.

कॉलेजच्या आवारात गाडी थांबली तेव्हा साडेअकरा झाले होते. बर्ट बसूनच राहिला.

"माझ्या बोटीच्या ट्रेलरचा दांडा तुटलाय," तो शेवटी म्हणाला. "गॅरेजवाला जोडायचे म्हणून जे मागतोय त्यात दोन वर्ग होतील. पण दांडा जोडल्याशिवाय मी तिथनं हलणार नाही, सांगून ठेवतो."

दोघांनी पैसे भरले. ट्रिनानं अकरा वाजून पन्नास मिनिटांनी यादी परत वर पाठवली.

जूनच्या पहिल्या गुरुवारी वर्ग सुरू झाला. सहा तरुण पोरं-पोरी आणि हे दोन म्हातारे. जेनेल ओबर्ग ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, हजेरी घेताना लाहती नावावर थांबली आणि तिनं दाराकडे बघितलं. "डोरीन मागून येतेय का?"

आर्विडनं सांगितलं. जेनेलनं हातातली यादी बाकावर ठेवली. मग तिनं पोरांना लोखंडी प्लेटा घासायला लावलं आणि आर्विडला बाजूला घेतलं.

डोरीननं बनवलेली वस्तू न्यायला आलोय, तो म्हणाला.

जेनेलनं त्याला मागच्या दारापाशी नेलं. तिथं एक पिंप होतं, कमरेइतकं, रिकामं. दर ऑगस्टला भंगारवाल्याचा ट्रक येतो आणि ते घेऊन जातो, तिनं सांगितलं. इथं कुणी वस्तू बनवत नाही. दोन प्लेटा जोडायच्या. थंड झाल्या की त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि प्रेसमध्ये घालून घोड्याच्या नालासारख्या वाकवायच्या. सांधा उघडला नाही तर पास. उघडला तर नापास. दोन्ही पिंपात.

"सगळं?"

"सगळं."

"सहा वर्षं?"

"सपाट सांधा दुसऱ्या वर्षी पास झाली. उभा चौथ्या वर्षी. डोक्यावरचा शेवटपर्यंत नाही जमला. तो सगळ्यात अवघड, वितळलेलं लोखंड अंगावर गळतं."

आर्विडला राग आला. कुणावर ते त्याला सांगता आलं नसतं. फाटक असतं तर त्यानं ते रस्त्याच्या तोंडाशी बसवलं असतं. "मग यायची कशाला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, दर वेळी वेगळ्या जागी तुटतं, का ते कळत नाही. पास झालेल्या पट्टीकडे ती बघायचीसुद्धा नाही, सरळ पिंपात. तुटलेली मात्र घेऊन बसायची. मी अशी विद्यार्थीण दुसरी नाही पाहिली."

आर्विडला घरी जावंसं वाटलं. पण बर्ट त्याच्याच गाडीतून आला होता, आणि मुखवटा उलटा घालून त्याच्यासाठी थांबला होता. म्हणून त्यानं हातमोजे चढवले, काच खाली ओढली आणि जेनेलनं दाखवल्याप्रमाणे रॉड टेकवला. रॉड प्लेटीला चिकटून बसला. मग पुन्हा. हिरव्या काचेतून एक लहानसा उजळ थेंब दिसत होता. त्याच्याशिवाय दुसरं काहीच दिसत नव्हतं. थेंब सरकवायचा, थांबू द्यायचा नाही. वीज त्यानं आयुष्यभर हाताळली होती, पण तिच्याकडे असं बघितलं नव्हतं.

साडेआठला पट्ट्या प्रेसमध्ये गेल्या. बर्टची टिकली, ज्याचा त्यालाच धक्का बसला. आर्विडची अर्ध्यावर वाकली आणि खटकन उघडली. पोरं हसली, बर्ट सगळ्यात मोठ्यानं.

आर्विडनं तुकडा उचलला. गरम होता. तुटलेल्या जागी आत करडं, दाणेदार लोखंड होतं, आणि एका कडेला तांदळाएवढी काळी रेघ. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हे काळं काय आहे?"

जेनेलनं वाकून बघितलं. रॉडवरचा लेप जळून मळी होते. हात थांबला की ती आत अडकते. ती वर यायला हवी होती, आली नाही.

"मी कुठं थांबलो?"

"ते मला कसं कळणार? हात तुमचा होता."

नऊ वाजले होते. बाहेर, उत्तरेकडच्या जूनमध्ये असतो तसा, अजून लख्ख उजेड होता, आणि बर्ट गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. पोरं निघून गेली. जेनेलनं गॅसचे कॉक बंद केले आणि किल्ल्या काढल्या.

आर्विड बाकापाशीच उभा होता. त्यानं तुकडा उलटा केला, मग सुलटा. "आणखी दोन प्लेटा आहेत का?" त्यानं विचारलं.