इगतपुरीहून आलेला टेप

सिंधुबाईंचा स्पूलचा टेपरेकॉर्डर हर्षलच्या पंचवटीतल्या दुकानात पोहोचला, तेव्हा त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. हे फक्त हर्षललाच ठाऊक होतं.

जुने टेप, स्पीकर दुरुस्त करून विकायचे, हा त्याचा धंदा. हा टेप इगतपुरीच्या सिंधुबाईंच्या यजमानांचा. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते त्यावर गावोगावची भजनं भरून घ्यायचे. ते गेल्यावर बाईंनी तो अठरा हजारांना द्यायचं कबूल केलं आणि गोधडीत गुंडाळून, खोक्यात घालून, शेजारच्या सोमाच्या टेम्पोतून पाठवला.

खोक्यातून काढताना तो हर्षलच्या हातून निसटला. लाकडी कोपरा फुटला, रीळ फिरवणारा दांडा वाकला. ज्याला तो विकायचा ठरला होता, त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवले, तर तो म्हणाला, दुरुस्त होईल, वाजेलही, पण आता हा डागी माल. निम्म्या भावात घेईन.

हर्षलने बाईंना फोन लावला.

"मावशी, टेप वाटेत आपटलाय," तो म्हणाला. खोटं इतकं सहज तोंडून गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाई म्हणाल्या, मी एकच गोधडी घातली, दोन घालायला हव्या होत्या. नऊ हजारांना त्या लगेच तयार झाल्या.

तिसऱ्या दिवशी सोमा दुकानात आला. पन्नाशीचा माणूस. चपला बाहेर काढून आत आला आणि काउंटरवर चार हजार रुपये ठेवले.

"घोटीजवळचा गतिरोधक लय उंच हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, हळू घेतला. नसंल घेतला. बाईंना एवढे तरी वाढवून द्या. माझं नाव नका सांगू."

खरं सांगायची वेळ हीच होती. हर्षलने नोटा गल्ल्यात टाकल्या आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. सोमा नको म्हणाला.

त्या दिवशी हर्षलने दुकान दुपारीच बंद केलं. घरी कुणाशी धड बोलला नाही. सकाळी पहिल्या एसटीने इगतपुरी गाठली आणि सिंधुबाईंच्या दारातच उभं राहून सगळं सांगितलं. राहिलेले नऊ हजार पुढे केले. बाईंनी ते घेतले, पण बसा म्हटलं नाही.

"मला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "टेप सोमाच्या गाडीत फुटला, असं मी आळीभर सांगून बसले. समोरच्या ज्योत्स्नाने परवा शिलाई मशीन दुसऱ्याच्या गाडीतून नेलं. जा, त्याला सांगा. स्टँडवर, सगळ्यांच्या देखत."

टेम्पो स्टँडवर सहा-सात जण होते. हर्षल सोमासमोर जाऊन हळू आवाजात बोलायला लागला. मागून कुणीतरी मोठ्यानं बोलायला सांगितलं.

"टेप माझ्या हातून पडला," तो म्हणाला. "सोमाभाऊंची काही चूक नाही. मी खोटं बोललो."

एक जण हसला. हर्षलने चार हजार रुपये पुढे केले. सोमाने ते घेतले आणि न मोजता खिशात घातले.

"मी दुकानात आलो, तवा का नाय बोलला?" त्याने विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सोमाने बराच वेळ वाट पाहिली. मग कुणीतरी भाड्यासाठी हाक मारली, तसा तो गाडीत बसला आणि निघून गेला.