थांबलेला दिवा

विजयाबाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे सदाशिवरावांना दिवसातून एकदा तरी आठवायचंच. कधी दाढी करताना, कधी भाजी निवडताना, आणि ग्रंथालयात जायला निघाले की हमखास. ग्रंथालयाची सरळ वाट माधवगंजातून जायची आणि विजयाबाई माधवगंजात राहायच्या. म्हणून पत्र आल्यापासून ते सराफ्यातून वळसा घालून जाऊ लागले होते. खरं तर एकाच गावातलं पत्र. दाना ओलीतल्या त्यांच्या खोलीपासून बाईंचं घर पायी जाण्यासारखं. तरी बाईंनी ते पोस्टानं धाडलं होतं, आणि त्याबद्दल सदाशिवरावांना मनातून बरंच वाटलं होतं. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं?

सुरुवात झाली गणपतीतल्या व्याख्यानापासून. सदाशिवराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारेही आता उरले नव्हते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ते मागच्या रांगेत बसत आणि प्रसाद हातात पडला की निघत. त्या वर्षी ठरलेले वक्ते आयत्या वेळी आजारी पडले, तेव्हा अध्यक्ष जगदेवरावांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"प्रोफेसर, आता तुम्हीच वाचवा. ते उडत्या तबकड्यांचं बोला काहीतरी. गर्दी होईल."

गर्दी झाली. सदाशिवराव कागदावरची नजर न उचलता बोलले, पण बोलले. क्षितिजाजवळचा शुक्र लोकांना कसा फसवतो, हवामानखात्याचे फुगे उन्हात कसे चमकतात, आणि हल्ली आकाशात माळेसारखे सरकणारे दिवे म्हणजे इंटरनेटचे उपग्रह कसे, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. 'या एवढ्या विश्वात आपण एकटेच आहोत का?' हे वाक्य वाचताना मात्र त्यांना एकदम आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं, ओट्यावरच्या एकुलत्या कपासकट, आणि ते थोडे अडखळले.

नंतर चिठ्ठ्या आल्या. मंडळात प्रश्न चिठ्ठीवर विचारायचे आणि चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, अशी जुनी पद्धत. बायकांना, लाजऱ्या माणसांना त्यामुळे विचारता येतं. जगदेवरावांनी एक चिठ्ठी उघडली. 'गेल्या कोजागिरीला दिवेलागणीनंतर आकाशातून दिव्यांची माळ गेली. तिच्यातला एक दिवा किल्ल्यावर थांबला आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच होता. तो कोणाचा?' चिठ्ठी जाड, गुळगुळीत कागदाची होती. जगदेवरावांनी ती सहज उलटून पाहिली. ती विजयाबाईंच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका निघाली. कागद वाया घालवायचा नाही म्हणून बाईंनी पाठकोऱ्या बाजूवर प्रश्न लिहिला होता.

"अरे वा! विजयाबाई!" जगदेवराव माइकमध्ये म्हणाले. "दुधात केशरच घातलं होतं ना? की दुसरं काही?"

सभागृह हसलं. बाई खाली बघत पदर सारखा करत राहिल्या. सगळे मग वक्त्यांकडे वळले. सदाशिवराव समोरचा पेला उचलून पाणी प्यायले. तेच उत्तर समजून जगदेवरावांनी पुढची चिठ्ठी उघडली.

आठवड्याभरात पत्र आलं.

'तबकडी आली, परके लोक आले, असं माझं म्हणणं नाही. मी दूध ढवळत होते. दिवे गेले, एक थांबला. लिंबाएवढा, पांढरा. मग हलला नाही, विझला. या लष्कर भागातच माझा जन्म गेला, विमानांचा आवाज मला झोपेतही कळतो. आवाज नव्हता. गच्चीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही खोटं म्हटलंत तर मी खोटं धरून चालेन. पण तुम्ही काहीच म्हणाला नाहीत.'

त्या दिवसापासून सदाशिवराव उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. माळेचं सोपं होतं. ते उपग्रहच. पण थांबलेल्या दिव्यापाशी लेखणी अडायची. शुक्र म्हणावं तर तो पश्चिमेला, आणि बाईंच्या गच्चीवरून किल्ला वेगळ्याच दिशेला. किल्ल्यावरच्या मनोऱ्याचा दिवा म्हणावा तर तो लाल, आणि रोज दिसणारा. विमान? विमानतळाकडून सरळ आपल्या दिशेनं येणाऱ्या विमानाचा दिवा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो आणि विमान वळलं की विझल्यासारखा वाटतो. हे पटण्यासारखं होतं. 'ते विमान होतं' असं त्यांनी एकदा लिहिलंसुद्धा. मग वाटलं, आवाज नव्हता असं बाई म्हणतात, मी तर तिथे नव्हतोच. आणि तशीही आपली अक्कल पुस्तकातली. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, स्वतः काय शोधलं? तोही कागद फाटला.

असं करता करता पुन्हा कोजागिरी आली. मंडळाच्या गच्चीवर सतरंज्या पसरल्या होत्या आणि कोपऱ्यात दूध आटत होतं. सदाशिवराव कठड्याजवळ, किल्ल्याकडे तोंड करून बसले. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मंदाताई शेजारी येऊन टेकल्या.

"भाऊ, इकडे बघा जरा. तिकडे काय आहे?"

"काही नाही."

"विजयाबाईसारखं करू नका हां. ती तर आता येतच नाही. भजनालापण नाही. बाजारात पोरं 'आकाशवाली आजी' म्हणून राहिलेत तिला."

"बऱ्या आहेत ना त्या?"

"बरी कसली? तिचा मुलगा शंतनु येऊन राहिलाय आता दिवाळीला, इंदूरहून. फोनवर म्हणतो, आई, ये सब दिमाग का खेल है, चलो डॉक्टर को दिखाते हैं. आणि मग तिकडेच ठेवणार तिला. घराला कुलूप. मला बोलली, मंदे, प्रोफेसरांनीसुद्धा मला वेडी समजलं तर मुलाला मी काय सांगू?"

सदाशिवराव त्यांच्याकडे वळले.

"मी... मी नाही समजलो तसं. त्यांनी पत्र लिहिलं होतं मला."

"मग?"

"उत्तर द्यायचं राहिलं."

"राहिलं?" मंदाताईंनी कपाळाला हात लावला. "गणपतीपासून? भाऊ, तुम्ही तर हद्दच केली! अहो, विमान होतं म्हणून लिहून टाकायचं. विषय ख़तम."

"आवाज नव्हता म्हणतात त्या."

मंदाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्ही मानता हे?"

"नाही मानत."

"मग?"

तेवढ्यात जगदेवराव उभे राहिले. दरवर्षीप्रमाणे त्यांनी आवाज लावून सांगितलं, आज लक्ष्मी चंद्रप्रकाशातून खाली उतरते, घरोघर विचारत फिरते, कोण जागं आहे? आणि जो जागा असेल त्याच्या घरी ती थांबते. बायकांनी हात जोडले. कोणी हसलं नाही.

"तिला उतरताना पाहिलंय का कोणी?" सदाशिवराव म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले की फक्त मंदाताईंना ऐकू गेलं.

"मोठ्यानं बोला की!" त्या कुजबुजल्या. "विचारा, विचारा त्यांना."

सदाशिवरावांनी घसा साफ केला. जगदेवरावांनी या बाजूला पाहिलंही. पण सदाशिवरावांनी दुधाचा पेला न पिताच खाली ठेवला आणि चपला शोधून ते जिना उतरले. जगदेवरावांची ती श्रद्धा होती आणि तिच्यात सगळे त्यांच्याबरोबर होते. विजयाबाईंनी नुसतं पाहिलं होतं, आणि त्या एकट्या होत्या. वाटभर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून ते टेबलाशी बसले.

'सौजन्यशील विजयाबाई यांस,' असं लिहिलं. 'सौजन्यशील' खोडलं. खोडलेलं वाईट दिसतं म्हणून नवा कागद घेतला.

'विजयाबाई, उशिरा लिहितो आहे, क्षमा करावी. तुम्ही पाहिलेली माळ खरी होती. ते उपग्रह होते, अनेकांनी तसे पाहिले आहेत. थांबलेला दिवा विमानाचा असू शकेल. पण तुम्ही आवाज नव्हता म्हणता, आणि तिथे तुम्ही होता, मी नव्हतो. म्हणून तो काय होता हे मला माहीत नाही. परग्रहावरून कोणी आलं होतं असं मी मानत नाही. तुम्ही दिवा पाहिला, हे मानतो. मी खोटं म्हणणार नाही. पाहिलेलं जसंच्या तसं सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यात बिघाड आहे असं माझं शिक्षण मला सांगत नाही. चिरंजीव शंतनु यांना हे पत्र जरूर दाखवावं. त्यांना काही विचारायचं असेल तर मी भेटेन.'

खाली नाव लिहिलं. नावाखाली 'निवृत्त प्राध्यापक, पदार्थविज्ञान' लिहिताना त्यांना नेहमीसारखी लाज वाटली, पण आज ते उपयोगी पडेल म्हणून राहू दिलं. जगदेवरावांच्या कानावर हे गेलंच तर पुढच्या गणपतीत माइकवर आपलं काय होईल, तेही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग फोन नंबर लिहावा की नाही, यावर बराच वेळ गेला. त्या फोनवर गॅसवाला सोडून कोणी बोलत नसे. शेवटी नंबर लिहिला आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'तुमची हरकत नसेल तर एखाद्या संध्याकाळी मी तुमच्या गच्चीवरून किल्ल्याकडे बघायला येईन. शंतनु असताना आलो तरी चालेल.'

ही ओळ खोडायच्या आत त्यांनी पाकीट चिकटवलं.

महाराज बाड्याच्या चौकात भाजीच्या गाड्या लागत होत्या. टपालपेटीच्या तोंडात अर्धं पाकीट घालून सदाशिवराव थांबले. 'माहीत नाही' या शब्दांवर मुलगा हसला तर? 'बघा, प्रोफेसरांनाही माहीत नाही,' असं म्हणून उलट आईलाच गप्प केलं तर? अजून कागद बदलता आला असता. 'ते विमान होतं,' तीन शब्दांचं काम. मागे एक रिक्षावाला "बाबूजी, ज़रा हटना" म्हणून ओरडला. ते दचकून बाजूला झाले आणि त्यांनी पुन्हा पेटीकडे पाहिलं. पाकीट अजून त्यांच्याच हातात होतं.

त्यांनी ते पुन्हा पेटीच्या तोंडात घातलं आणि बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.